दोन बादल्यांचं घर

लाँड्रीचे मालक घरात शिरले ते वाकूनच. एरवी त्यांना वाकलेलं कोणी पाहिलेलं नव्हतं, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. पण मुलाच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात दारापासून खिडकीपर्यंत तीन दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि त्यांवर नातीचे लंगोट वाळत होते. वाकल्याशिवाय आत यायची सोयच नव्हती. त्यांच्या मागून त्यांची बहीण, वन्सं, आल्या. उंची बेताची असल्यामुळे त्यांना वाकावं लागलं नाही, तरी एक ओला लंगोट त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून गेलाच.

"अगं बाई," वन्सं केस चाचपत म्हणाल्या, "हे घर आहे की आपल्या दुकानाची मागची बाजू?"

आधीच येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मालकीणबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. नवऱ्याचा चेहरा त्यांनी केव्हाच वाचला होता. एखाद्याचा कपडा हरवला की गिऱ्हाइकासमोर मालक जो चेहरा करायचे तोच हा होता. आत सगळं ठरलेलं, फक्त सांगायचं बाकी. आणि काय सांगायचं होतं तेही त्यांना पाठ होतं. दुकानावरच्या माडीवरची खोली परवाच रंगवून झाली होती. मुलगा, सून आणि नात यांना इथून उचलून त्या खोलीत नेऊन ठेवायचं, एवढंच मालकांच्या मनात होतं आणि त्यांच्या मनात एकदा एखादी गोष्ट आली की ती सहसा बाहेर पडत नसे.

तसं झालं तर मालकीणबाईंच्या सकाळी संपणार होत्या. हे दुःख असं होतं की ते कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

सून चष्म्याच्या दुकानात काम करायची. बाळंतपणाची रजा संपली तशी गेल्या महिन्यात ती अर्धा दिवस, एक दिवसाआड, कामावर जायला लागली. त्या सकाळी मालकीणबाई पहिल्या बसने इथे यायच्या. घरातल्या माणसांना वाटायचं, बिचारी लष्कराच्या भाकऱ्या भाजायला जाते. बिचारी बसमध्ये खिडकीशी बसून गुणगुणत असायची. घरी खाली दुकान, वर घर. मशीनची घरघर पहाटेपासून हाडांत शिरायची, आणि कोणी ना कोणी सारखं 'मालकीणबाई' म्हणून हाक मारायचं. गिऱ्हाईक, कामगार, दूधवाला, कधीकधी तर स्वप्नातसुद्धा. इथे मात्र सून चप्पल घालून निघून गेली की त्या, झोपलेली नात आणि दोन बादल्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. बाथरूमचा नळ करंगळीएवढा वाहायचा. बादली भरेपर्यंत नुसतं बसून राहायचं. आयुष्यात इतकं बसायला त्यांना कधी मिळालं नव्हतं.

नातीचं नाव ठेवलेलं होतं, पण ते कागदापुरतंच. नाक पाहून वन्संनी तिला जन्मल्याजन्मल्या 'बटण' म्हटलं आणि तेच चिकटलं.

"बसा ना बाबा," सून म्हणाली. तिने खुर्चीवरचा वाळलेल्या लंगोटांचा ढीग उचलून टेबलावर ठेवला. मालक बसले. त्यांच्या बरोबर डोक्यावर एक दुपटं लोंबत होतं. मुलगा चहाचे कप घेऊन आला तो दोऱ्यांखालून असा वळणं घेत आला, की सर्वेअरच्या नोकरीत रानावनातून चालायची सवय त्याला घरात कामी येतेय असं वाटावं. हीच नोकरी धरून तो वर्षाच्या सुरुवातीला लाँड्रीतून बाहेर पडला, तेव्हा घरात जे रामायण झालं त्याचा धूर अजून पुरता विरला नव्हता. मालक त्याच्याशी बोलायचे, पण हवापाण्यापुरतं.

"ढग काही हटत नाहीत," मालक म्हणाले.

"नाही ना," मुलगा म्हणाला. "चार दिवस झाले, काही वाळत नाही. म्हणून घरात दोऱ्या."

"आपल्याकडे ड्रायर आहे."

"हो."

दुपट्याचा एक थेंब मालकांच्या बाहीवर पडला. त्यांनी बाहीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. त्या बाहीला पडलेली चुणी पाहून मालकीणबाईंचाच जीव कासावीस झाला. या घराण्याच्या लाँड्रीत तीन पिढ्यांचा एक रिवाज होता: कपडा कोणताही असो, शेवटच्या पाण्यात खळ पडलीच पाहिजे. लोक शर्टाला खळ घालतात, साडीला घालतात. हे लोक उशीच्या अभ्र्यालाही घालायचे. घरातले रुमाल टेबलावर उभे राहायचे. सर्दी झाली की नाक सोलून निघायचं, पण तक्रार करायची कोणाची छाती नव्हती. लुळा कपडा म्हणजे अर्धा धुतलेला कपडा, असं मालकांचे वडील म्हणायचे आणि नव्या सुनेला, म्हणजे मालकीणबाईंना, पहिल्याच दिवशी त्यांनी हेच शिकवलं होतं. मालकीणबाईंच्या हाताला ते वळण असं लागलं की शेवटचं पाणी आणि खळ या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे त्यांच्या डोक्यातही येत नसे. इथे येतानाही पिशवीत खळीचा छोटा डबा असायचा. आता तो बाथरूमच्या फळीवरच राहायला आला होता. ओंजळभर पाण्यात चमचाभर कालवायची आणि शेवटच्या बादलीत सोडायची. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

बटण आतल्या खोलीत कुरकुरलं. वन्सं चहा अर्धा टाकून उठल्या आणि त्याला घेऊन आल्या. खाटेवर ठेवून त्यांनी लंगोट सोडला आणि त्यांचा आवाजच बदलला.

"दादा, इकडे ये. बघ हे."

मांड्यांच्या आतल्या बाजूला लालभडक चट्टे उठले होते. पाठीच्या खालीही. बटणाला हवा लागली तसं बरं वाटलं असावं, कारण ते कुरकुरायचं थांबून पाय उडवायला लागलं.

"हे परत आलंय," सून हळूच म्हणाली. "आधी डायपरनं आलं होतं. डॉक्टरांनी सुती कपडाच वापरा म्हणून सांगितलं. त्यानं पार गेलं होतं. मग..."

"मग तू कामावर जायला लागलीस," वन्संनी वाक्य पुरं केलं.

मालकीणबाईंना वाटलं, हे वन्संनी नको होतं बोलायला. पण त्यांनी तोंड उघडलं नाही. नवऱ्याच्या बाजूने बोलावं तर आपल्या सकाळी जातात, सुनेच्या बाजूने बोलावं तर घरी गेल्यावर वन्संच्या तोफेच्या तोंडी. त्या चहाचे कप गोळा करायला लागल्या. कप गोळा करणाऱ्या माणसाला कोणी मत विचारत नाही.

"डॉक्टर काय म्हणतात आता?" मालकांनी विचारलं.

"कपड्यात काहीतरी राहतंय म्हणाले," मुलगा म्हणाला. "साबण वगैरे. नीट खळबळून काढा म्हणाले."

"बरोबर आहे." मालक खुर्चीत मागे रेलले. "बादलीत काय डोंबल निघणार? करंगळीएवढा नळ. कपड्याला पाणी भरपूर लागतं, वाहतं लागतं. मी जन्मभर दुसरं केलंय काय? इथे मशीन का बसवत नाही?"

"घरमालक बसवू देत नाहीत, बाबा. जिन्यात पाटीच लावलीय. जुने पाइप आहेत, मशीनला पाणी घ्यायची जागा नाही, सोडायची नाही."

"हा एकदा स्वयंपाकघरातल्या नळाला रबरी पाइप जोडून बघत होता," सून म्हणाली. तिला हसू फुटत होतं. "छोटं मशीन आणलं होतं मित्राकडून. पाइप सुटला. खालच्या काकांच्या पलंगावर धार."

"तुला हे सांगायची गरज होती का आत्ता?" मुलगा म्हणाला, पण तोही हसला. क्षणभर चौघेही हसले. मालक हसले नाहीत.

"मग झालं तर," ते म्हणाले. "मशीन नाही, ऊन नाही, पाणी नाही. आणि पोरीच्या अंगावर हे. माडीवरची खोली रंगवून घेतलीय. खिडकीला जाळी लावलीय. खाली दोन मशीन आहेत, त्यातलं एक बटणाच्या कपड्यांपुरतं बाजूला ठेवतो. उद्या दुकानाची गाडी येईल. सामान फार नाही तुमचं."

मालकांचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे. वाद घालायला समोरच्याला काही धरायलाच मिळत नसे, हीच तर त्यातली मेख होती.

मालकीणबाई मुलाकडे बघत होत्या. तो काय म्हणेल याचा त्यांना अंदाज होता आणि तो त्यांना आवडत नव्हता. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. दिवसभर ऊन-धुळीत फिरून आल्यावर तो रोज बादल्या उपसायचा, पिळायचा, दोऱ्या बदलायचा. दमलेला माणूस लवकर शहाणा होतो.

"म्हणजे... थोडे दिवस," तो बायकोकडे न बघता म्हणाला. "तिची लाली जाईपर्यंत. मग बघू."

"थोडे दिवस," सून म्हणाली. "रंगवलेल्या खोलीत थोडे दिवस कोणी राहत नाही."

"अगं, मी आपलं—"

"मला कळलं तू काय म्हणतोयस." तिचा आवाज भांडणाचा नव्हता. ती बटणाच्या पायाचा अंगठा धरून उभी होती. "बाबा, तुमच्या घराला माझं काही म्हणणं नाही. पण हे घर मी बघितलंय, मी भाड्याचं बोललेय, या खिडकीला पडदा मी शिवलाय. तिथे मी कोणाची तरी सून असते. वाईट असते असं नाही. पण सकाळी उठल्यापासून असते."

ही पोर मालकीणबाईंच्याच मनातलं बोलत होती, फक्त त्यांनी ते इतक्या वर्षांत कधी वाक्यात मांडलं नव्हतं.

"अस्सं," वन्सं म्हणाल्या. त्यांना हे लागलं होतं. त्या जन्मभर त्याच घरात राहिल्या होत्या. लग्न केलं नाही, भावाची पोरं वाढवली. "घर प्यारं आहे ते दिसतंय. पण धुणं नको का नीट यायला? हे बघ." त्यांनी टेबलावरच्या ढिगातून दोन लंगोट ओढून काढले. एक हातात धरताच मान टाकून लोंबला. दुसरा घडीत जसा होता तसाच ताठ राहिला. "हा कोणाच्या हातचा?"

"माझ्या," सून म्हणाली.

"आणि हा?"

"आईंच्या."

"बघ! न सांगता कळतं. याला म्हणतात कपडा धुणं. दादा, बघ की, पुठ्ठ्यासारखा निघालाय. आणि हा बघ, फडकं नुसतं." वन्संनी तो ताठ लंगोट भावाच्या नाकासमोर धरला. मालकांनी दोन बोटांत त्याची कड पकडून पाहिली आणि बायकोकडे बघून जरा मान हलवली. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी आजवर कोणाला मिळालेली नव्हती. मालकीणबाईंना बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. आपल्या हातच्या घडीने सुनेला बदडणं चाललं होतं.

वन्संनी तोच ताठ लंगोट बटणाला बांधला आणि त्याला उचलून मालकांच्या मांडीवर दिलं. "जा, आजोबांकडे जा. आजोबांना सांग, मला न्या म्हणावं."

मालकांना बटण घ्यायची हौस होती, पण सवय नव्हती. एखादं नाजूक गिऱ्हाइकी काम धरावं तसं त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. आज ते पांढरी स्वच्छ पॅन्ट घालून आले होते आणि तिची इस्त्रीची रेघ मांडीपासून बुटापर्यंत सरळ उतरत होती. बटणाने त्यांच्या मिशीकडे लक्ष देऊन पाहिलं. मग त्याचा चेहरा लाल झाला, मग शांत झाला.

"अरे," मालक म्हणाले. "अरे! अरे!"

लंगोटाने एक थेंबही पिऊन घेतला नव्हता. सगळं पाणी कापडावरून घरंगळत कडेने निघालं आणि इस्त्रीच्या रेघेवरून थेट गुडघ्यापर्यंत गेलं.

"ताठ बसला होतास ना, भोग," वन्सं म्हणाल्या आणि हसत सुटल्या. मुलाने बटणाला उचललं. मालक दोन्ही हात वर धरून बसून राहिले, कोणीतरी बंदूक रोखल्यासारखे. सुनेने पटकन ढिगातला लुळा लंगोट घेऊन त्यांच्या मांडीवर दाबला. त्याने पाणी असं ओढून घेतलं की मालकांनीही खाली बघितलं.

वन्सं हसण्यात होत्या, मुलगा बटणात होता. सून मात्र थांबली. तिने बटणाचा सोडलेला ओला लंगोट उचलला आणि बोटांच्या चिमटीत चोळला. पुन्हा चोळला. तिची बोटं एकमेकांवरून घसरली. दुकानात भिंगं पुसून पुसून त्या बोटांना पृष्ठभागावरचं काहीही कळायचं. तिने वर पाहिलं ते सरळ सासूकडे. मग काही न बोलता ती बाथरूममध्ये गेली.

बुळबुळीत ओला कपडा म्हणजे काय हे या खोलीत मालकीणबाईंइतकं कोणाला ठाऊक होतं? ताठ घडी. पाणी न पिणारं कापड. 'कपड्यात काहीतरी राहतंय.' सून कामावर जायला लागली त्याच आठवड्यापासून आलेली लाली. म्हणजे मालकीणबाई पहिल्या बसने यायला लागल्या त्या आठवड्यापासून. सगळं एकदम जागेवर बसलं. ज्या पोरीच्या अंगाला त्या तेल लावत होत्या, तिलाच खळीत गुंडाळत होत्या.

सून बाहेर आली. तिचे हात ओले होते.

"मिळालं काही?" मुलाने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "साबणच असेल. माझ्याकडून जास्त पडत असेल साबण. आणि पाणी कमी." ती पदराला हात पुसत बसली. "बाबा म्हणतात ते बरोबर असेल. बादलीत निघत नसेल."

मालकीणबाईंना काहीच कळेना. हिला कळलं नाही की काय? त्या कपांचा ट्रे घेऊन उठल्या, स्वयंपाकघरात ठेवला आणि तशाच बाथरूममध्ये गेल्या. फळीवर साबण होता, ब्रश होता. डबा नव्हता. त्यांनी वाकून पाहिलं. बादल्यांच्या मागे, पाइपाच्या आड, भिंतीशी सरकवून ठेवलेला होता. वर ओलं फडकं टाकलं होतं, कोणी सहज डोकावलं तर दिसू नये म्हणून.

त्या उलट्या घातलेल्या बादलीवर बसल्या. या घरातलं त्यांचं आवडतं आसन.

म्हणजे तिला कळलं होतं. एक वाक्य बोलली असती तर तिचं घर वाचत होतं. 'आईंनी खळ घातली,' बस. मालकांचं मशीनचं, नळाचं, उन्हाचं सगळं बोलणं कोलमडलं असतं. आणि त्याच वाक्याने, सगळं आयुष्य धुण्यात घालवलेल्या, हातची घडी मिरवणाऱ्या सासूची वन्संसमोर आणि नवऱ्यासमोर शोभा झाली असती. ती शोभा वाचवायला ती पोर आपला पडदा, आपली खिडकी सोडायला निघाली होती. मालकीणबाईंचे डोळे भरून आले. आपल्यासाठी कोणी काही लपवलंय, असं त्यांच्या आयुष्यात पूर्वी झालेलं त्यांना आठवेना.

बोलायचं तर भीती वेगळीच होती. नवरा काय म्हणेल, वन्सं किती दिवस पुरवून पुरवून हसतील, ते चालवून घेतलं असतं. पण पोरीच्या अंगावर चट्टे उठवणाऱ्या आजीच्या हातात उद्या कोण बादली देईल? गप्प बसावं तर सकाळी जातात, बोलावं तरी जातात. त्यांनी नाक ओढलं. जायच्याच असतील तर सुनेचं घर तरी राहू दे.

त्या डबा घेऊन बाहेर आल्या आणि टेबलावर, लंगोटांच्या ढिगाशेजारी, ठेवला.

"आई, नको," सून पटकन म्हणाली.

"गप्प बस गं तू." मालकीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, हिच्या धुण्यात काही खोट नाही. मी येते त्या दिवशी शेवटच्या पाण्यात खळ घालते. लंगोटांना. दर वेळी. हे पोरीच्या अंगावर आलंय ते त्यामुळे."

मालकांनी डब्याकडे पाहिलं. त्यावर त्यांच्याच दुकानाचं लेबल होतं.

"लंगोटाला खळ?" वन्सं म्हणाल्या.

"हो."

"लंगोटाला!" वन्संनी खाटेवर बसकण मारली. त्या हसायला लागल्या, पण मघासारख्या नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पोट धरून. "अगं वहिनी, लंगोटाला कोणी खळ घालतं का गं? तुझ्या पोरांच्या लंगोटांना कधी खळ होती?"

"मला काय ठाऊक?" मालकीणबाई म्हणाल्या आणि इतक्या वर्षांनी आत साचलेलं एकदम वर आलं. "मी कधी धुतले? मला धुवू दिले? पोरगा महिन्याचा झाला नाही तोच मला इस्त्रीच्या टेबलावर उभी केली. सीझन होता म्हणे. पोराचे लंगोट दुकानाच्या टाकीत चालायचे नाहीत, ते तुम्ही मागच्या अंगणात धुवायचात. मी खिडकीतून बघायची. हे माझ्या हातानं पहिल्यांदाच धुतेय, वन्सं. या पोरीचे. आणि धुवायला गेले ते हे असं झालं."

वन्संचं हसू ओसरलं. त्यांनी डोळे पुसले. मघाशी फडकं म्हटलेला तो लुळा लंगोट त्यांनी पुन्हा हातात घेतला.

"असेच असायचे," त्या म्हणाल्या. "मऊ. मी विसरलेच होते बघ." मग त्या भावाकडे वळल्या. "दादा, तुझी दोन्ही पोरं मी अंगणात धुऊन काढली. किती बादल्या होत्या माझ्याकडे?"

"मला काय माहीत?"

"तेच तर. दोन होत्या. मशीन होतं का? आणि नळ तरी कुठे होता, पंपाचा दांडा मारून मारून माझे खांदे गेले. पोरांच्या अंगावर कधी एवढीशी लाली आली का?"

"अगं, पण तूच मघाशी—"

"मघाशी मला खळीचं माहीत नव्हतं." वन्संनी बाजू बदलली ती अशी, एका श्वासात, मागे वळूनही न बघता. "या मुलीचं धुणं चांगलं आहे. राहू दे त्यांना इथे. तुझी खोली काय, मी राहीन. मलाही जाळी लावलेली खिडकी हवीच होती."

मुलगा बापाकडे बघत होता. "बाबा, मी मघाशी थोडे दिवस म्हणालो, ते मी दमलो होतो म्हणून. आम्ही इथेच राहतो."

तीन पिढ्यांच्या रिवाजाने मालकांचा गुडघा ओला झाला होता. ते उठले.

"मला काहीतरी घालायला दे," ते मुलाला म्हणाले.

मुलाचा पायजमा त्यांना आखूड झाला. आपली पॅन्ट मात्र त्यांनी कोणाला धुवू दिली नाही. बाथरूममध्ये जाऊन, बाह्या सरसावून, करंगळीएवढ्या नळाखाली ती त्यांनी स्वतः खळबळली, आणि पाणी पुरेसं आहे की नाही यावर अवाक्षर काढलं नाही. पॅन्ट लंगोटांच्या रांगेत वाळत पडली. पंख्याच्या वाऱ्यावर ती घालण्याजोगी झाली तेव्हा तिच्यात ना रेघ उरली होती ना ताठा. मालक तीच घालून निघाले. दारात पुन्हा वाकले. वन्संनी खळीचा डबा पिशवीत टाकला.

"तू येतेस?" मालकांनी बायकोला विचारलं.

"पुढच्या बसनं येते. हे सगळे लंगोट गरम पाण्यातून काढायला हवेत. खळ सुटेपर्यंत."

त्यांनी मान हलवली. जिन्यात त्यांची लुळी पॅन्ट पायांभोवती फडफडत उतरली आणि खालच्या काकांना नमस्कार करताना ते थोडे घाईतच होते.

सुनेने पाणी तापवलं. ती आणि मुलगा ताठ लंगोट एकेक करून बादलीत बुडवत राहिले. पाणी पांढरट व्हायचं, ओतायचं, पुन्हा. मालकीणबाई बाथरूमच्या दारात बटणाला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. आत पाऊल टाकायचं त्यांना धाडस होत नव्हतं. 'उद्या मी येऊ का' हे वाक्य त्यांनी मनात तीनदा जुळवलं आणि तीनदा मोडलं.

पाणी शेवटी निवळ राहिलं. सून उठली, कंबर सरळ केली.

"बटणाला त्याच्याकडे द्या, आई," ती म्हणाली. "माझे हात आता बधिर झालेत. शेवटचं पाणी तुम्हीच काढा."

मालकीणबाईंनी बटण मुलाच्या हातात दिलं आणि त्या उलट्या बादलीवर बसल्या. गार पाण्यात त्यांनी लंगोट हलवले, एकेक उचलून पिळले. हात आपोआप वर, फळीकडे गेला. फळी रिकामी होती. हात तिथेच थांबला आणि त्या ओशाळून हसल्या.

"सवय गं," त्या म्हणाल्या. "मेली जात नाही."

"जाईल हळूहळू," सून पुढची बादली नळाखाली सरकवत म्हणाली. "आपण कुठे जातोय आता?"